नावाडिणीला दिसलेली बोटं

टिटवाळा,
रविवार, ५ जानेवारी २०२५

साईनाथ,

'हाळी' वाचून झालं. एकशे अठरा पानं, दोन बैठकांत. इंटरनेटवर पुस्तकांबद्दलचं माझं जे पान आहे, त्यावर परीक्षण यावं म्हणून तुझ्या प्रकाशकाने प्रत पाठवलेली. तुझ्या 'उधाणगाथे'चे चाहते तिथे रोज एकमेकांच्या उरावर बसतात, त्यामुळे प्रकाशकांना ते पान महत्त्वाचं वाटतं. ते चालवणारी बाई म्हणजे प्रेमची बहीण, हे त्यांना माहीत नाही. तुलाही नसावं. असतं तर प्रत आली नसती.

इतक्या वर्षांनी लिहितेय आणि सुरुवात पुस्तकापासून करतेय, कारण दुसऱ्या कशापासून केली तर तू पुढे वाचणार नाहीस.

गाथेचे चारही खंड मी विकत घेतले. प्रत्येक वेळी दुकानातून बाहेर पडताना वाटायचं, या वेळी हा आपटणार. तू आपटला नाहीस. पहिल्या खंडाची पहिली चाळीस पानं तर माझ्याच अक्षरातली होती. तू पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेलास, तू सांगायचास आणि मी लिहायचे. काळखाडी नावाचं नगर, तिथले दोन मित्र, इरावत आणि मोहर. मोहर म्हणजे प्रेम, हे तेव्हा आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटलं होतं, तू त्याला पुस्तकात जगवणार आहेस. दुसऱ्या खंडाच्या शेवटी महापुरात तू त्याला मारलंस. मारलंस ते मारलंस, पण कसं? मस्तीत येऊन मोहर इरावतच्या हातातलं सुकाणू हिसकावतो, नाव खडकावर आपटते, मोहर बुडतो, आणि बिचारा इरावत मोडका पाय घेऊन काठाला लागतो. तेव्हा मी तुला एक पत्र लिहिलेलं. उत्तर आलं नाही. माझ्या पानावर पोरं लिहितात, 'मोहर मेला तो स्वतःच्या मस्तीने मेला.' मी त्या ओळी गुपचूप उडवते. दर आठवड्याला चार-पाच तरी असतात.

आणि आता ही जोडकथा. तोच पूर, पण पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या सोनकी नावाडिणीने पाहिलेला. ती ओरडते, हाळी देते, आणि ती कोणालाच ऐकू जात नाही.

खरं सांगू? सोनकी तू कुठून आणलीस? चार खंडांत मिळून तिच्या वाट्याला तीन ओळी आहेत. तुझे राजे, सेनापती, ते बोलणारे गरुड, सगळे एका पारड्यात टाकले तरी या बाईचं पारडं खाली जाईल. बासष्टाव्या पानावर ती रिकामा डबा नदीत विसळते, तिथे मी पुस्तक मिटून गॅस बारीक करायला उठले आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले. भाजी लागली. तुझ्यामुळे भाजी लागली याचा मला राग आला, आणि पुन्हा येऊन मी त्रेसष्टावं पान उघडलं.

पण चुका आहेत, आणि त्या मी सोडणार नाही. दुसऱ्या खंडात महापूर आषाढात येतो, इथे कार्तिकात. मोहरला बहीण नव्हती, इथे अर्ध्या पानापुरती एक उगवते, बिननावाची. आणि पान सत्त्याण्णव. सोनकी पलीकडच्या काठावर, मध्ये पाचशे हात पाणी. तरी तिला दिसतं की मोहर इरावतच्या पाठीशी बसलाय, दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर ठेका धरतोय, आणि एका क्षणी ती बोटं थांबतात. पाचशे हातांवरून बोटं? गरुडाला दिसली असती तर एकवेळ चाललं असतं. ही नवशिक्या लेखकाची चूक आहे. तुझ्याकडे आता हस्तलिखित वाचायला कोणी नाही का?

परीक्षण लिहिलेलं नाही. तीन तारे द्यावेत की चार, तिथे अडलेय.

रचना

*

माजिवडा, शाळेचं ग्रंथालय,
गुरुवार, ९ जानेवारी

साईनाथ,

ती चूक नाहीये.

आज मधल्या सुट्टीत पुस्तकं बदलायला सातवीच्या मुली रांगेत उभ्या होत्या. मागची पुढचीच्या खांद्यावर पेन्सिलीने ठेका धरत होती. पुढची म्हणाली, "ए, बस ना यार." आणि माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला.

प्रेम मागे बसला की वाजवायचा. माझ्या स्कूटीवर मागे बसायचा तेव्हा उजव्या खांद्यावर, दोन बोटांनी. मी ओरडायचे, "प्रेम, पाडशील मला." तो म्हणायचा, "तू पुढे बघ, म्युझिक माझ्याकडे." हे त्याने फक्त मागे बसून केलं. गाडी चालवणारा माणूस कोणाच्या खांद्यावर वाजवत नाही, साईनाथ. त्याचे हात हँडलवर असतात.

आणि ती बोटं कधी थांबली, हे काठावरच्या कोणालाही कळत नाही. ज्याच्या खांद्यावर ती होती त्यालाच कळतं.

म्हणजे गाडी तू चालवत होतास.

तुझा जबाब मला पाठ आहे. १८ डिसेंबर २०१२, दुपारचे चार, शीळफाटा. गाडी आमच्या चांगदेवकाकांची. प्रेमला महापेला छापखान्यात काम लागलेलं, ते पक्कं करून तुम्ही दोघं परत येत होता. समोर ट्रेलर वळला. 'प्रेम चालवत होता, मी मागे बसलो होतो, मी त्याला हळू चालव म्हणालो, त्याने ऐकलं नाही.' लायसन प्रेमकडे होतं. तुझ्याकडे नव्हतं. तुझे वडील आमच्या आधी हॉस्पिटलात पोचले होते. हे सगळे तुकडे माझ्यासमोर बारा वर्षं पडलेले, आणि मी ते कधी जोडले नाहीत. का जोडले नाहीत ते पुढे सांगते. आधी तुला दुसऱ्या एका गोष्टीची आठवण करून देते.

प्रेमला आम्ही कोळसेवाडीतल्या घरी आणलं त्या दिवशी तुझे पप्पा आले. परशुराम साहेब, वॉर्डात वजन असलेला माणूस. सगळ्या चाळीसमोर ते आईला म्हणाले, "तुमच्या मुलाच्या मस्तीपायी माझा मुलगा गेला असता." आणि माझी आई, जिचं पोरगं समोर पांढऱ्या कपड्यात झाकलेलं होतं, ती उठून त्यांच्या पाया पडली. "माफ करा साहेब," म्हणाली. चाळीतल्या बायकांनी तिला धरून मागे नेलं.

मग तिने डबे सुरू केले. बकऱ्याच्या पायांचं सूप, नाचणीची भाकरी. एमआयडीसीत पॅकिंगचं काम संपवून ती दिवसाआड बसने तुझ्याकडे डोंबिवलीला यायची. "आपल्या पोराने त्याचा पाय मोडला," म्हणायची, "हाड जुळेपर्यंत आपलं काम आहे." दीड महिना. आणि तू ते सूप प्यायलास. तुझ्या बासष्टाव्या पानावरचा डबा कोणाचा आहे हे मला पहिल्या वाचनातच कळायला हवं होतं.

काकांनी त्या दिवसापासून आमच्या घरी पाय ठेवला नाही. गाडी गेली याचं त्यांना काही नव्हतं. "पोराला मी किल्ली दिली, आणि त्याने दुसऱ्याच्या पोराचा जीव टांगणीला लावला," एवढंच बोलायचे. प्रेम गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी चाळ आली, सख्खा काका आला नाही.

आता माझं. डबा घेऊन मीही आलेले, सात वेळा. आईला बरं नाही असं तुला सांगायचे. आईला बरं होतं. मला यायचं होतं. तुझ्या उशाशी बसून तू सांगशील ते लिहायचं होतं. तू डोळे मिटून काळखाडी बोलायचास आणि मला वाटायचं, माझ्या भावाने केवढं नुकसान केलं असतं, हे सगळं जगात आलंच नसतं. घरी जाऊन मी प्रेमच्या फोटोकडे पाठ करून झोपायचे. नंतर तो फोटो मी कपाटात ठेवला. आईने विचारलं तर काच तडकलीय म्हणाले. चार वर्षं तो कपाटात होता.

तू खोटं बोललास, तो एक गुन्हा. पण तू माझ्याकडून माझ्या मेलेल्या भावाचा राग राग करून घेतलास, आणि मी तो करत असताना वही-पेन घेऊन तुझ्याजवळ बसलेली होते. याला काय शिक्षा असते ते मला माहीत नाही. शोधून काढीन.

पंचवीस तारखेला डोंबिवलीत 'हाळी'चा कार्यक्रम आहे. शेवटी वाचकांचे प्रश्न आहेत असं पत्रिकेत लिहिलंय. मी येतेय.

रचना

*

टिटवाळा,
शुक्रवार, १७ जानेवारी

साईनाथ,

माझं दुसरं पत्र पोचल्यावर काल माजिवड्याला तू भेटलास, तेव्हा काय काय बोललास ते लिहून तुलाच पाठवतेय. उद्या तू ते वेगळं सांगशील. तुझा व्यवसायच तो आहे.

पुलाखालच्या त्या ज्यूसवाल्याकडे तू माझ्या आधी येऊन बसलेलास. टोपी घातलेलीस, कोणी ओळखू नये म्हणून. कोणी ओळखलं नाही. बसताना तुझा पाय अजून आखडतो.

"तुला काय हवंय?" हे तुझं पहिलं वाक्य.

"पुस्तकाबद्दल बोलायचंय," मी म्हणाले. "पान सत्त्याण्णव."

तू स्ट्रॉ बाजूला केलास. मग म्हणालास, "मी एकवीस वर्षांचा होतो, रचना."

"प्रेमही एकवीसचा होता. तो अजून एकवीसचाच आहे."

"पप्पा म्हणाले, लायसन नाही, आत जाशील, आयुष्याचं वाटोळं होईल. म्हणाले, त्याला आता काय फरक पडतो?"

"कोणाला?"

"प्रेमला."

एवढं बोलून तू रडलास. मी मध्ये पडले नाही. तुझे पप्पा गेल्याला दीड वर्ष झालं आणि 'हाळी' आलं, हे मी मनात जुळवत होते. बाप असेपर्यंत मोहर गुन्हेगार, बाप गेला की नावाडिणीला बोटं दिसायला लागली.

मग तू म्हणालास, "मी लिहिलं ना शेवटी. सगळं लिहिलंय त्यात. तू वाचशील म्हणून लिहिलं." आणि मग हळूच, "ते पान तुझं आहे हे मला तीन वर्षांपासून माहितेय. प्रत मीच पाठवायला सांगितली."

इथे मी ग्लास खाली ठेवला. पहिल्या पत्रात मी किती ऐटीत लिहिलेलं, की तुला माहीत नसावं म्हणून. तू मला शोधून, हेरून, माझ्या दारात कबुली ठेवून गेलास, आणि तीही कोड्यात. मी सोडवलं तर सोडवलं. नाही सोडवलं तर चार तारे आणि पुढची आवृत्ती. अशी माफी मागतात? माफी मागायची तुझी, आणि ती खणून काढायचं काम माझं?

"पुढच्या आवृत्तीत अर्पणपत्रिका घालतो," तू म्हणालास. "प्रेमच्या नावाने. आईंच्याही."

नको. माझ्या भावाचं नाव तुझ्या पुस्तकात कुठेही येता कामा नये.

"मग सांग ना, काय करू?"

मी सांगितलं. टिटवाळ्याला ये. आईसमोर बस. मोहर नाही, इरावत नाही, नदी नाही. काय झालं ते मराठीत सांग.

तू म्हणालास, "त्यांना सहन होणार नाही. या वयात कशाला?"

माझ्या आईला काय सहन होतं ते तू ठरवू नकोस. तुझ्या बापाचे पाय तिने सहन केलेत.

तू म्हणालास, वेळ दे. दिला. पंचवीस तारखेपर्यंत. आईला मी एक अक्षर बोललेले नाही, आणि बोलणारही नाही. ते तुझ्याच तोंडून जाईल.

रचना

*

टिटवाळा,
रविवार, २६ जानेवारी

साईनाथ,

काल तू जे केलंस त्यासाठी मला शब्द सापडत नाहीयेत, आणि मी शब्दांतच नोकरी करते.

मी आलेले ते तुला संपवायला. पर्समध्ये तुझ्या जबाबाची नक्कल होती. तीनशे माणसं, बाहेर तुझ्या उंचीचा पुठ्ठ्याचा गरुड, पोरं त्याच्यासोबत फोटो काढत होती. मागच्या रांगेत बसून मी तुझं वाचन ऐकलं. तू डब्याचं प्रकरण वाचलंस. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. आणि लाज वाटते सांगायला, मीही रुमाल काढला. एवढं चांगलं तू का लिहावंस? वाईट लिहिलं असतंस तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मग प्रश्न. मी हात वर केला, माइक आला. जबाब वाचायचा होता. पण तू माझ्याकडे बघितलंस, पांढरा फटक पडलेला, आणि मला वाटलं, एक संधी देऊन बघू. मी फक्त विचारलं, "पान सत्त्याण्णव. मध्ये पाचशे हात पाणी आहे. नावाडिणीला बोटं दिसली कशी?"

लोक हसले. चाहत्यांना असले प्रश्न आवडतात. तू हसला नाहीस. माइक दोन्ही हातांनी धरून तू म्हणालास, "तिला नाही दिसली. ती बोटं माझ्या खांद्यावर होती. सुकाणू माझ्या हातात होतं."

माझ्या हातातला माइक कोणीतरी काढून घेतला.

आणि मग टाळ्या. साईनाथ, टाळ्या! उभं राहून. सूत्रसंचालक म्हणाला, "लेखक आपल्या पात्रांशी इतका एकरूप होतो, याहून मोठं उदाहरण काय हवं?" शेजारची बाई मला म्हणाली, "काय सुंदर प्रश्न विचारलात हो."

आणि तू नमस्कार केलास. तू म्हणू शकला असतास, की थांबा, टाळ्या नका वाजवू, मी माझ्याबद्दल बोलतोय. नाही म्हणालास. खरं बोललास, त्याची दाद घेतलीस आणि बसलास. मी तुझ्या हातात सुरी दिली आणि तू तिने केक कापलास.

मी तिथेच ओरडून सांगितलं असतं, तर त्यांनी तेही कार्यक्रमातच धरलं असतं. म्हणून निघून आले.

तेव्हा आता विनंती नाही. पुढचा रविवार, दोन फेब्रुवारी, सकाळी दहा. टिटवाळा स्टेशनच्या पूर्वेला, नव्या बिल्डिंगांच्या रांगेत तिसरी, दुसरा मजला. आला नाहीस तर जबाबाची नक्कल, सत्त्याण्णवावं पान आणि ही चारही पत्रं माझ्या पानावर जातील. तुझेच चाहते ती वाचतील. त्यांच्याएवढं बारकाईने दुसरं कोणी वाचत नाही, हे तुला ठाऊक आहे.

रचना

*

टिटवाळा,
सोमवार, ३ फेब्रुवारी

साईनाथ,

काल तू आलास. दहाला पाच कमी असताना. मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं, हे आधी सांगते. मला वाटलेलं, आई रडेल, किंवा तुझ्या थोबाडीत मारेल, किंवा आईसारखी आई, तुला जवळ घेईल. या तिसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती होती. आठवडाभर मी त्याच भीतीत होते, की ती तुला माफ करून टाकेल आणि माझ्या हातात काही उरणार नाही.

ती मेथी निवडत बसलेली. तुला बघून उठली, "अरे साईनाथ! किती वर्षांनी, पाय बरा आहे ना रे?" म्हणाली. तू खुर्चीवर बसला नाहीस, खाली बसलास. आणि म्हणालास. आडवळण घेतलं नाहीस, ते मी मान्य करते. "शालनमावशी, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. प्रेम मागे होता. मी खोटं सांगितलं."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मेथीची पानं आणि देठं वेगवेगळी केलेली, ती तिने हाताने आणखी लांब सारली.

"म्हणजे गाडी तू चालवत होतास?"

"हो."

"माझा प्रेम मागं बसलेला?"

"हो."

"मग मी तुझ्या बापाच्या पाया का पडले?"

  आई आत गेली. मला वाटलं रडायला गेली, मी मागे जाणार तेवढ्यात ती बाहेर आली, लुगडं बदलून, पांढरं नेसून, बुद्धवंदनेला नेसते ते. "चल," म्हणाली.

"कुठे?" मी विचारलं.

"कोळसेवाडीला."

तू म्हणालास, खाली गाडी आहे, सोडतो. ती जिन्यातच थांबली. "तू चालवशील त्या गाडीत मी बसू?" एवढंच. मग आपण तिघं लोकलने गेलो, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिलं दार चांगदेवकाकांचं. बारा वर्षांनी आई त्या दारात उभी राहिली. काका बनियनवर होते, पेपर हातात. आई म्हणाली, "भावजी, हा साईनाथ. याला काय सांगायचंय ते ऐका. सांग." तू सांगितलंस. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तुझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. आईला म्हणाले, "वहिनी, मी पोराच्या पुण्यानुमोदनाला आलो नाही." आणि मग तो थोराड माणूस दाराच्या उंबऱ्यावर खाली बसला. "मी आलो नाही गं," एवढंच परत परत. मी त्यांच्याजवळ बसले. वाटलं, झालं, आता घरी जाऊ.

आई शेजारच्या दारात गेली होती. रमाबाईंच्या. तिने तिथून हाक मारली, "साईनाथ, ये."

रमाबाई, मग त्यांच्या समोरचे, मग नळापाशी बायका होत्या त्या. "त्या दिवशी तुम्ही सगळ्या इथं होता," आई म्हणाली. "परशुराम साहेब बोलले ते ऐकलंत. आता हे ऐका. सांग." नयनच्या घरी तिची सासू झोपलेली, आईने ती उठेपर्यंत वाट बघितली. पाचव्या की सहाव्या घरी तुझं लेखकपण सुटायला लागलं. तुला आठवत असेल. तू म्हणालास, "दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर धुळीचा एक पडदा होता, आणि त्या पडद्याआडून..."

आईने तुला तिथेच तोडलं. "गोष्ट नको. गाडी कोण चालवत होतं तेवढं सांग."

"मी."

"चल पुढं."

आनंदच्या घरी त्याची पोरगी होती, दहावीतली. तिने तुला ओळखलं. "तुम्ही उधाणगाथावाले ना?" म्हणत धावत आत गेली आणि दुसरा खंड घेऊन आली, सहीसाठी. तू माझ्याकडे बघितलंस. मी नजर वळवली. आई म्हणाली, "आधी सांग, मग सही कर." तू सांगितलंस. तिने पुस्तक छातीशी धरलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "म्हणजे मोहरने हिसकावलं नव्हतं?" साईनाथ, तुला सांगते, बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य प्रश्न विचारला. तू "नाही" म्हणालास. ती पुस्तक घेऊन आत गेली. सही घेतली नाही.

मला तिथे बस झालं होतं. खरंच. तुझा पाय लंगडायला लागला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते. हे चोवीस दिवस मी हेच मागत होते, आणि ते समोर चाललेलं असताना मला खाली बघावंसं वाटत होतं. मी आईला हळूच म्हणाले, "आई, पुरे ना. चाळीला कळलं."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तुझ्या बाजूची आहे. "तुला पुरे असेल," म्हणाली. "तू फोटो कपाटात ठेवला होतास."

तिला माहीत होतं. मी तिच्या मागोमाग पुढच्या दारात गेले. 

दुपारी दोनपर्यंत चौदा घरं झाली. चौदाव्या घराच्या जिन्यात तू भिंतीला टेकून विचारलंस, "मावशी, अजून किती?"

"तुझं पुस्तक किती घरांत गेलंय?" आईने विचारलं.

 खपाचा आकडा तुझ्या पुस्तकाच्या पाठीवरच छापलेला आहे, तो तिला वाचून दाखवायची गरज नव्हती.

तू गेल्यावर ती घरी येऊन जेवली. पोटभर, मेथीच्या भाजीसोबत दोन भाकऱ्या. मग प्रेमच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि फोटोशी काहीतरी बोलली. मला ऐकू येईल असं बोलली नाही.

तुझ्या पुस्तकाचं परीक्षण मी आज सकाळी टाकलं. पाच तारे. लिहिलंय, हे या लेखकाचं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे, आणि पान सत्त्याण्णववरची चूक ही चूक नाही. कारण दिलेलं नाही. ते विचारायला लोक तुझ्याकडे येतील, आणि या वेळी तू टाळ्या थांबवशील. नाही थांबवल्यास तर पत्रांच्या नकला माझ्याकडे आहेत. तुला मी माफ केलेलं नाही. तुझं पुढचं पुस्तक विकत घेईन, पण ते तुला कळू देणार नाही.

पुढच्या रविवारी नऊलाच ये. आईने काल संध्याकाळी बसून यादी केलीय. विठ्ठलवाडीचे तीन, उल्हासनगरची आत्या, एमआयडीसीत तिच्याबरोबर पॅकिंगला होत्या त्या सगळ्या, आणि मग डोंबिवली, तुमची जुनी बिल्डिंग, तळमजल्यापासून. आणि चपला घालून ये. प्रत्येक दारात तू लेस सोडत बसतोस, तोवर आईला उभं राहावं लागतं.

रचना